कुसळी आणि मुसळी

माझं कोथरूडला फॉल-पिकोचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एक पिकोचं मशीन, एक साधं, भिंतीवर रिळं आणि माझ्यापुरतं एक स्टूल. हे आधीच सांगून टाकते, कारण टेकडीवरच्या आमच्या ग्रुपमध्ये मला जी काही किंमत आहे ती त्यामुळेच. माझ्या पर्समध्ये सुई कायम असते आणि पंचावन्नाव्या वर्षी, चष्मा लावून का होईना, बारीक दिसतं. ऑक्टोबर उजाडला की रविवारचं काम संपवून आम्ही खाली उतरतो, कट्ट्यावर टेकतो आणि एकेक जण बूट-मोजे काढून पाय पुढे करतो. "ताई, तेवढं कुसळ बघा हो."

कुसळ काढायची रीत आहे. ओढायला गेलात तर मोडतं आणि टोक आत राहतं. त्या टोकाला मागच्या बाजूला वळलेले बारीक ताठ केस असतात. म्हणून ते ज्या बाजूने शिरलंय त्याच बाजूने पुढे ढकलत पार काढायचं, टाका घालताना सुई काढतो तसं. मोज्यातून शंभर काढली की एकशे एकावं घरी जाऊन गादीत सापडतं. आमच्या ह्यांनी एकदा रात्री दोन वाजता उठून दिवा लावला होता आणि "मी लग्न बाईशी केलंय की गवताच्या पेंढीशी?" असं विचारलं होतं.

तर ही टेकडी म्हणजे वेताळ टेकडी. पुणे शहराच्या हद्दीतली सगळ्यात उंच. एका अंगाला पाषाण-पंचवटी, एका अंगाला लॉ कॉलेज रस्ता, एका अंगाला आमचं कोथरूड. वर वेताळाचं देऊळ, मधे दगडाची जुनी खाण आणि तिच्यात साचलेलं पाणी. मी तिथे निसर्गप्रेमाने गेले नाही. 2009 साली साखर निघाली, डॉक्टर म्हणाले रोज चाला, आणि टेकडी फुकट होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पायथ्याशी एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ भेटले. त्यांच्यापुढे तेलाचे पाच-पाच लिटरचे रिकामे कॅन पाणी भरून ओळीने मांडलेले. "ताई, वर चाललाच आहात तर एक नेता का? देवळाच्या अलीकडे लाल चिंधी बांधलेली रोपं आहेत." नेला. पुढच्या रविवारी दोन नेले. त्याच्या पुढच्या रविवारी माझ्या हातात टिकाव होता.

ते गृहस्थ म्हणजे आमचे सर. शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. प्रकाश गोळे यांनी 1982 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीचा अभ्यासक्रम त्यांनी निवृत्तीनंतर, म्हणजे माझ्या ओळखीनंतर, केला. त्यांच्या डोक्यात जे पुढे फिरलं त्याची सुरुवात तिथली आहे, पण ते नंतर.

आमच्या ग्रुपला नाव नाही. नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष तर नाहीच नाही. पहारी, टिकाव, फावडी, घमेली एका सोसायटीच्या मीटरच्या खोलीत राहतात, आणि तिथल्या सेक्रेटरींना दिवाळीला आम्ही चिवडा देतो. एक रिक्षावाले दादा आहेत, दोन आयटीतली मुलं, बेकरीवाल्या वहिनी, बँकेतून निवृत्त झालेले काका. काकांकडे वही. वही म्हणजे बँकेचीच, लाल रेघांची, जमा आणि नावे असे रकाने पाडलेली. रोप लावलं की जमा, मेलं की नावे.

पहिल्या पावसाळ्यात मी धरून आम्ही चाळीस रोपं लावली. वड, पिंपळ, करंज, जांभूळ, कडुनिंब आणि कुणीतरी हौसेने आणलेला कदंब. टेकडीवर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पहार पाषाणावर आपटली की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. दीड फुटाचा एक खड्डा घ्यायला दोघांना पाऊण तास. पण पावसात भिजत, चहाच्या थर्मासभोवती उभं राहून स्वतः लावलेल्या रोपाकडे बघताना जे वाटतं ते मी नाकारणार नाही. देवपूजेनंतरही मला इतकं बरं वाटत नाही. सासूबाईंना हे सांगू नका.

मग येतो फेब्रुवारी. चाळीस रोपांना आठवड्याला पाच-पाच लिटर म्हणजे दोनशे लिटर पाणी, सगळं खांद्यावरून. पावसाळ्यात तीस जण असतात, मार्चमध्ये सात आणि मेमध्ये चार. ह्या चौघांची तोंडं गेली पंधरा वर्षं तीच आहेत. त्या जूनमध्ये काकांनी वही मिटली तेव्हा चाळीसपैकी अकरा जमेला होती. कदंब डिसेंबरही बघू शकला नाही.

त्या मेलेल्यांत एक वड होता. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाचे यजमान गेले होते. बाई सत्तरीच्या, गुडघे धरून धरून वर आल्या होत्या, वडाचं रोप पोटाशी धरून. लावलं, हळदकुंकू वाहिलं, आणि "तुम्ही बघाल ना?" असं मला विचारलं. मी हो म्हटलं. एप्रिलमध्ये ते वाळलं. मेमध्ये बाईंचा फोन आला, वर्षश्राद्धाला टेकडीवर येते म्हणून. आता काय सांगणार? मी नर्सरीतून साधारण तेवढाच वड आणला, भल्या पहाटे एकटी वर गेले आणि जुन्याच्या जागी लावून टाकला. बाई आल्या, पानांवरून हात फिरवला, रडल्या, गेल्या. दुसऱ्या दिवशी सर त्या रोपापुढे कमरेवर हात ठेवून उभे. "ताई, हा वड आखडला कसा हो?" मी म्हटलं, उन्हाने. ते काही बोलले नाहीत. काकांच्या वहीत त्या वडाची नोंद 'जमा' अशीच आहे. तो आज माझ्या डोक्याच्या वर गेलाय. आमच्यातल्या कुणाला विचाराल तर ते म्हणतील, ते झाड तिथलं नाही. पण तोडायचं नाव कुणी काढत नाही.

तिथलं नाही, हे शब्द आमच्या बोलण्यात कधी आले ते मला पक्कं आठवतं. एप्रिल महिना होता आणि आम्ही चर खणत होतो. सलग समतल चर म्हणतात त्याला. उतारावर एका पातळीत आडवे खणत जायचे, म्हणजे पावसाचं पाणी वाहून न जाता मुरतं. पातळी बघायला पारदर्शक नळी, दोन टोकांना दोघे, दोन्हीकडे पाणी सारख्या उंचीला आलं की चुन्याची खूण. मुलं मागून गवताचे बुडखे उपटत येत होती. इतक्यात दादांच्या पायापुढून जमीनच उडाली. खरंच तसं वाटलं. वाळलेल्या पानाएवढा आणि वाळलेल्या पानासारखाच एक तुकडा उठला, पाच-सहा हातांवर जाऊन पडला आणि पंख मोडल्यासारखा फडफडायला लागला. मुलं त्याच्याकडे धावणार तोच सर ओरडले, "कुणी हलू नका. पायाखाली बघा."

दादांच्या बुटापासून वीतभर अंतरावर दोन अंडी होती. घरटं नाही, काडी नाही, खळगासुद्धा नाही. उघड्या मातीवर नुसती ठेवलेली. फिकट गुलाबट, वर तपकिरी डाग. मी गुडघ्यावर बसून बघितली, उठले, आणि परत खाली बघितलं तर मला ती सापडेनात. बारीक काम करणाऱ्या माझ्यासारखीला. तो रातवा होता. संध्याकाळी टेकडीवर त्याचा आवाज मी कित्येकदा ऐकला होता, फरशीवर बटण पडून टकटक टकटक करत लांब जावं तसा. मला तो आवाज कुठल्या तरी किड्याचा वाटायचा.

चर तिथे थांबला. सर एका दगडावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. नंतर एवढंच म्हणाले, "ही जागा रिकामी आहे असं आपल्याला सांगितलं कुणी?"

खरंच, कुणी सांगितलं होतं? सातबाऱ्यावर असल्या जमिनीला पोटखराबा लिहितात. सरकारी नकाशात पडीक. आपण म्हणतो उजाड, बोडका, भकास डोंगर. आणि प्रत्येकाला शाळेपासून माहीत असतं की इथे पूर्वी घनदाट जंगल होतं आणि ते तोडलं. सरांनी त्या पावसाळ्यात आम्हाला रोपं लावू दिली नाहीत. त्याऐवजी दर रविवारी दोरीने दोन मीटरचा चौकोन आखायचा आणि आत काय उगवतं ते बघायचं. नुसतं बघायचं! आयटीतला एक मुलगा दुसऱ्या रविवारी आलाच नाही. मलाही ते रिकामटेकडेपणाचं वाटलं. घाम नाही तर काम कसलं?

पण चौकोन भरत गेला. आधी जमिनीलगत पोपटी तुरे, मग गवताच्या पात्यांत लपलेली पांढरी, जांभळी, हरभऱ्याच्या दाण्याएवढी फुलं, मग ऑगस्टमध्ये कमरेएवढं गवत आणि त्यातून वर आलेली कळलावी. काकांनी बँकेच्या वहीत नवं पान उघडलं. नावं माहीत नसलेल्यांची चित्रं मी काढली. ब्लाउजचे गळे काढण्याचा सराव कामी आला. सप्टेंबरअखेर त्या दोन मीटरच्या दोरीत चोवीस प्रकार झाले होते. ज्या जागेला आम्ही "इथे काहीच नाही, लावून टाकू" म्हणायचो ती ही जागा.

कुसळाची गंमत मला सरांनी त्याच वर्षी, ऑक्टोबरात दाखवली. मी कट्ट्यावर बसून पाय धरून बसलेली, कुसळांच्या नावाने बोटं मोडत. सर म्हणाले, "एक इकडे द्या." लांब, काळपट, केसाएवढी शेपटी, बुडाशी टोकदार दाणा, अर्ध्यापर्यंत ती शेपटी दोराला पीळ द्यावा तशी पिळलेली. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली आणि बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब सोडला. क्षणभर काही नाही. मग ते कुसळ हललं. पीळ उलगडायला लागला, शेपटीचं वाकडं टोक घड्याळाच्या काट्यासारखं फिरायला लागलं, आणि दाण्याचं टोक माझ्या हाताच्या रेषेत शिरू बघायला लागलं. चुळूकभर पाण्यावर! कुणाचा हात नाही, वारा नाही. वाळलं की परत पीळ बसतो, भिजलं की परत उलगडतो. पाऊस-ऊन, पाऊस-ऊन असं करत ते बी स्वतःला जमिनीत स्क्रूसारखं फिरवून घेतं. खड्डा नको, पहार नको, कॅन नको. पाऊण तास पहार मारणाऱ्या बाईच्या तळहातावर हे चाललं होतं.

त्या गवताचं नाव कुसळी. त्यातली काही कुसळं मी दुकानात काचेच्या बरणीत ठेवलीत. आईबरोबर आलेली पोरं कंटाळली की इस्त्रीच्या फवाऱ्याने त्यांच्यावर पाणी मारते. आया घाई करतात, पोरं हलत नाहीत.

मी हे घरी सांगितलं तर सासूबाईंना नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्यांचं माहेर पुरंदरच्या पठारावरचं. त्या म्हणाल्या, "अगं, कुसळं धरली म्हंजे कापायला उशीर केला की तुमी. कुसळी लेकुरवाळी व्हायच्या आत कापायची. कवळी असंस्तवर गुरं आवडीनं खात्यात. कुसळं आली की गुरांचं तोंड फाटतं." आणि मग त्यांनी एका दमात नावं घेतली. पवन्या, मारवेल, कुसळी. कोणतं दुभत्याला, कोणतं बैलाला, कोणतं छपरावर शाकारायला. मी त्यांना टेकडीचे फोटो दाखवले. मोबाइल लांब धरून बघत त्या म्हणाल्या, "ह्ये पडीक व्हय? ह्ये कुरण हाय." त्यांच्या गावात कुरण राखायला माणूस असायचा, दसऱ्यापर्यंत गुरं सोडायची नाहीत असा ठराव असायचा. पंचवीस वर्षं ही बाई माझ्या घरात आहे, आणि मी गवताबद्दल शिकायला निवृत्त शिक्षकाकडे गेले होते.

पूर्वी सगळं जंगल होतं या समजुतीचं काय, ते सरांनी पुढे सांगितलं. अलीकडे दोन अभ्यासकांनी जुनं मराठी वाङ्मय वेगळ्याच कामासाठी चाळलं: लीळाचरित्रापासून संतचरित्रं, आख्यानं, ओव्यांपर्यंत. कुठल्या गावाच्या संदर्भात कुठलं झाड येतं ते त्यांनी टिपलं. सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात येतात ती बाभळ, खैर, पळस, तरवड अशी उघड्यावरची, उन्हातली झाडं. मधे गवत, चरणारी गुरं. म्हणजे 750 वर्षांपूर्वीही तिथे गवताळ माळ होता, आणि तो कुणी जंगल तोडून झालेला नव्हता. आमची टेकडी त्या पट्ट्याच्या काठावर. पश्चिमेला मुळशी-ताम्हिणीला ढग रिकामे होतात आणि आमच्याकडे उरलंसुरलं येतं. इथे झाडं आहेतच, पण ती सुटी सुटी. मोई, सालई, खैर, मेडशिंगी, आणि उन्हाळ्यात पानं टाकून पांढऱ्याफटक अंगाने उभा राहणारा कांडोळ, ज्याला लोक भुत्या म्हणतात. आणि दोन झाडांच्या मधली जागा भरून काढायची नसते, एवढं समजायला मला चार वर्षं लागली. हातशिलाईतही दोन टाक्यांत अंतर लागतं, नाहीतर कापड आखडतं, हे मी रोज करत होते तरी.

गिरिपुष्पाचं मात्र सांगायला हवं. आमच्या उताराचा बराच भाग त्याने धरलाय. मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड. टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून काही दशकांपूर्वी पुण्याच्या टेकड्यांवर भरभरून लावलं गेलं. चरणारी गुरं सहसा तोंड लावत नाहीत, फांदी खोचली तरी जगतं, पाणी मागत नाही. लावणाऱ्याला अजून काय हवं? उंदीरमारी हेही त्याचंच नाव. शेतकऱ्याच्या बांधावर ते गुणी आहे, पाल्याचं खत होतं, त्यात वाद नाही. पण इथे दाट राईखाली तुम्ही दोरीचा चौकोन आखा. आम्ही आखला. सप्टेंबरात चोवीसच्या जागी पाच. फेब्रुवारीत ते फिकट गुलाबी फुलांनी भरतं तेव्हा माणसं खाली उभी राहून पुण्याचं जपान म्हणून फोटो टाकतात. 2012 चा माझाही एक आहे, गुलाबी ओढणीतला. काढून टाकलेला नाही, चांगला आलाय.

दर जूनमध्ये आम्हाला कंपन्यांचे फोन येतात. एकदा आम्ही हो म्हणालो होतो, अजून अंगावर काटा येतो. तीन बस, सगळ्यांना एकसारखे हिरवे टीशर्ट, पाचशे रोपं, तुकोबांच्या त्या अभंगाची एक ओळ छापलेला बॅनर. तो अभंग नसता तर महाराष्ट्रातल्या वृक्षारोपणांनी काय केलं असतं देव जाणे. खड्डे आदल्या दिवशी मजुरांकडून घेतलेले. दहा वाजता रोपं लावून झाली, साडेदहाला समोसे, अकराला टेकडी रिकामी, आणि उरले काळ्या पिशव्यांचे ढीग. त्यांच्यातल्या एका मुलीने मला फार अदबीने विचारलं होतं, "काकू, हे मागचं गवत काढता येईल का? फोटोत जरा अस्वच्छ दिसतंय." मी काढलं. विळा माझ्याच हातात होता. हे मी लिहून ठेवते, कारण आता मी गवताची वकिली करते तेव्हा ग्रुपमधली नवी मुलं मला जन्मजात शहाणी समजतात.

आता कंपनीचा फोन आला की काका घेतात. ते म्हणतात, "या की. जानेवारीत या. जाळरेषा काढायची आहे. फोटो निघत नाही, धूळ फार उडते." आजवर दोनच कंपन्या आल्या. त्यातल्या एकीचे सहाजण अजून येतात, स्वतःच्या टीशर्टांत.

जाळरेषा म्हणजे गवताच्या पट्ट्यात दोन-तीन मीटर रुंदीची वाट कापून, दाताळ्याने ओढून, जमीन उघडी करायची. पेटलेलं गवत तिथे येऊन थांबावं म्हणून. वणव्याचा काळ कागदावर 15 फेब्रुवारी ते 15 जून. त्याच्या आत रेषा पूर्ण झाली पाहिजे. वणवा लागतो म्हणतात, आमच्या टेकडीवर तो लागलेला मी पाहिला नाही, लावलेलाच पाहिला. कुणाची विडी, कुणी पेटवलेला कचरा, आणि जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमाने येतं ही समजूत.

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये दुपारी एक वाजता मोबाइल वाजायला लागला. मी एका बाईंच्या कांजीवरमला फॉल लावत होते, हातभर राहिला होता. खाणीच्या वरच्या अंगाला धूर. सुई तशीच साडीत टोचून ठेवली, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला दुकान बघायला सांगितलं आणि रिक्षावाल्या दादांच्या रिक्षातून पायथा गाठला. पायांत रबरी चपला. गवत पेटल्याचा आवाज तुम्ही ऐकलाय का? मोठ्या कढईत एकदम शंभर पापड सोडावेत तसा. ज्वाळा फार उंच नव्हती, गुडघ्याएवढी, पण ती चालत नव्हती, धावत होती. वनखात्याचे दोघे पाठीला ब्लोअर लावून होते, आम्ही ओली पोती घेऊन. पोतं मारायचं नसतं, ठेवायचं असतं. मारलं की ठिणग्या उडतात. हे मला एका वनमजूर मावशींनी तिथेच, माझ्या हातातलं पोतं ओढून घेऊन शिकवलं.

जाळरेषेने आग धरली. खरंच धरली. इकडे काळं, तिकडे पिवळं, मधे आमची रेघ. फक्त एका जागी वीसेक फुटांचा तुकडा राहिला होता. जानेवारीतल्या एका रविवारी वहिनींच्या मुलाचं लग्न होतं, आम्ही सगळे पंगतीला होतो, आणि "राहिलंय ते पुढच्या रविवारी" म्हणता म्हणता विसरलो. आग बरोबर तिथूनच गेली. तिला वाट कुणी दाखवावी लागत नाही. पलीकडची आमची लावलेली नऊ रोपं गेली. त्या वडाची एक बाजू होरपळली. माझ्या चपलांच्या टाचा वितळून दोन्ही सारख्या उंचीच्या राहिल्या नाहीत. साडेतीनला दुकानात आले तेव्हा कांजीवरमवाल्या बाई वाट बघत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "साडीला वास नाही ना लागला?"

पुढचे तीन महिने मी त्या काळ्या पट्ट्याकडे बघायचं टाळायचे. सर मात्र रोज तिथे. गवत मरत नाही म्हणायचे, त्याचा कोंब जमिनीशी असतो, वरचं जळलं तरी. मरतात ती अंडी, सरडे, कोवळी रोपं. कधीतरी जळणं वेगळं आणि दरसाल जाळणं वेगळं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर चौथ्या दिवशी त्यांनी मला जबरदस्तीने नेलं. काळ्याशार मातीवर, गवताचं पातं वर यायच्याही आधी, जमिनीला चिकटून पिवळ्या चांदण्या होत्या. सहा पाकळ्यांच्या, नखाएवढ्या, शेकड्याने. जळक्या सतरंजीवर कुणी टिकल्या लावाव्यात तशा.

"काय हे?" मी विचारलं.

"काळी मुसळी," सर म्हणाले, आणि मग त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. "कुसळं काढण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. मुसळी मात्र इतक्या वर्षांत दिसली नव्हती ना?"

मास्तर माणूस, संधी सोडत नाही.

सध्या आमचं काम असं चालतं. वर्षाला दहा-बारा रोपं, तीही टेकडीवरच्याच झाडांच्या बियांपासून बेकरीवाल्या वहिनींच्या गच्चीत वाढवलेली. उतारावरचं गिरिपुष्प थोडं थोडं विरळ करणं, रीतसर विचारून. जानेवारीत जाळरेषा. मोरांना म्हणून लोक शेव, बिस्किटं, तांदूळ टाकतात ते उचलणं, आणि त्यावरून शिव्या खाणं. यात ना पाटी लावता येते, ना कुणाच्या स्मरणार्थ काही करता येतं. कांडोळाच्या रोपापाशी मी स्वतःचा फोटो काढला तर मुलीने विचारलं, "आई, या फोटोत नक्की काय बघायचंय?"

यंदा एक नवीन ठरवलं होतं. सासूबाईंचा सल्ला. सप्टेंबरच्या शेवटी, कुसळं धरायच्या आत, खाणीच्या वरच्या पट्ट्यातलं गवत कापायचं आणि पायथ्याच्या गोठ्यावाल्याला द्यायचं. त्याला चारा, आम्हाला जाळायला कमी, आणि मोजेही वाचतील. गोठ्यावाला तयार, विळे धार लावून तयार. अर्ज ऑगस्टमध्येच दिला होता. सासूबाई दर दोन दिवसांनी विचारायच्या, "कापलं का गं?" मी म्हणायचे, कागद यायचाय. "गवताला कागद?" असं म्हणून त्या टीव्हीकडे वळायच्या.

परवानगी गेल्या मंगळवारी आली. रविवारी वर गेलो. सगळी कुसळी लेकुरवाळी होऊन बसली होती. गोठ्यावाल्याने एक पेंढी उचलून बघितली, खाली ठेवली आणि म्हणाला, "ताई, हे आता तुम्हीच खा."

कट्ट्यावर बसून मी साडेदहापर्यंत सुई चालवली. दादांचा एक मोजा फेकूनच द्यावा लागला.